टांकणखाराची कुळकथा

सोनाराच्या दुकानीं शेगडी, फुंकणी, चिमटा आणि मूस ह्यांच्या शेजारीं एका लहानशा वाटींत पांढऱ्या खड्यांची पूड हटकून असते. गिऱ्हाइकाची नजर दागिन्यावर खिळलेली असल्यामुळें तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि दागिना तयार होऊन हातीं पडतो तेव्हां तिचा मागमूसहि त्यावर राहिलेला नसतो. तथापि ह्या पुडीवांचून सांध्याला सांधा बसावयाचा नाहीं. ह्या द्रव्यास आपण टांकणखार म्हणतों. जुन्या माणसांच्या तोंडीं सवागी हें नांवहि आढळतें. आणि शाळेंत रसायनशास्त्र शिकलेला मुलगा त्यास बोरॅक्स म्हणून ओळखतो. ह्याच खाराचें तेजाबानें पृथक्करण केलें असतां जें पांढरें, खवल्यांसारखें द्रव्य निघतें तें टंकाम्ल अथवा बोरिक ॲसिड होय. कॅरमच्या फळीवर भुरभुरावयाची पूड म्हणून तें आज घराघरांत शिरलें आहे. इतक्या परिचयाच्या ह्या जोडीला इतिहास काय असणार, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु वस्तु जवळ असणें आणि वस्तूचें अंतरंग ठाऊक असणें ह्या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, व त्या अंतरापायीं व्यापार कसे उठतात व बसतात, हें टांकणखाराच्या चरित्रावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या एखाद्या खनिजावरून दिसेल.

प्रथम त्याचा गुण पाहूं. दागिन्याच्या सोन्यांत तांब्याची थोडीबहुत भेळ असतेच. तापवितांच त्या तांब्याचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर काळसर कीट धरतें, आणि कीट धरलेल्या जागीं झाळ पसरत नाहीं. टांकणखार तापूं लागला म्हणजे त्याच्या स्फटिकांत बद्ध असलेलें पाणी उसळून बाहेर पडतें व खार लाहीसारखा फुगतो. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग ह्या पाण्याचाच असतो. आंच वाढवीत नेल्यास सुमारें ७४० अंश सेंटिग्रेड उष्णतेस ती लाही खालीं बसते आणि तिचा कांचेसारखा पारदर्शक रस होतो. शुद्ध सोनें वितळावयास १,०६४ अंश उष्णता लागते. अर्थात् धातु वितळण्याच्या पुष्कळ आधींच हा रस सांध्यावर पसरतो, तेथील कीट आपल्या पोटांत विरघळवून घेतो आणि वरून नवी हवा लागूं देत नाहीं. ह्या रसाची थंड झालेली गोळी विरघळलेल्या धातूप्रमाणें निरनिराळा रंग धारण करते. कोबाल्टनें निळा, क्रोमियमनें हिरवा, मँगेनीजनें जांभळा. प्लॅटिनमच्या तारेच्या टोंकावर असा मणि करून त्याच्या रंगावरून अज्ञात धातु ओळखण्याची रीत रसायनशाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली आहे.

आमच्या प्राचीन रसवैद्यांस व कारागिरांस हा गुण उत्तम प्रकारें अवगत होता, ह्याची साक्ष त्यांनीं दिलेलीं नांवेंच देतात. संस्कृतांत टंकणास द्रावक आणि लोहशोधन असे पर्याय आहेत; म्हणजे धातूस वितळविणारा आणि धातूचा मळ काढणारा. ह्यांपेक्षां नेमकें वर्णन आजच्या शास्त्रज्ञासहि करतां येणार नाहीं. ह्याशिवाय सौभाग्य असेंहि त्याचें एक मंगल नांव आहे. हिंदींतील सुहागा हें त्याचेंच रूप, आणि मराठींतील सवागीहि त्याच कुळांतली दिसते. टंकण ह्या शब्दावरून फारशींतील तिनकार व पुढें युरोपियन व्यापाऱ्यांचा टिंकल हे शब्द निघाले. बोरॅक्स हा शब्द मात्र अरबी बौरक ह्यावरून आला. आणि बौरक ह्या सदरांत अरब किमयागार केवळ टांकणखारच नव्हे, तर साजीखारासारखे दुसरेहि कित्येक क्षार घालीत. त्यामुळें जुन्या ग्रंथांत हा शब्द आला म्हणजे तो नेमका कोणत्या पदार्थास उद्देशून आहे हें ठरविणें अवघड जातें. महाभारताच्या सभापर्वांत युधिष्ठिरास पिपीलिक सोनें आणून देणाऱ्या उत्तरेकडील लोकांत तंगण व परतंगण ह्यांचीं नांवें आहेत. तंगण आणि टंकण ह्यांतील नाद सारखा आहे. त्यावरून निर्णय देणें धाडसाचें होईल, पण हा खार खरोखरच हिमालयापलीकडून येत असे ह्यांत शंका नाहीं.

तिबेटच्या उंच पठारावर ज्यांना समुद्राकडे वाट नाहीं अशीं अनेक सरोवरें आहेत. भूगर्भांतून उष्ण पाण्याचे झरे जे क्षार वर आणतात ते वाहत जाऊन अशा सरोवरांत सांठतात. कोरड्या हवेनें पाणी उडून जातें आणि कांठावर व उथळ भागांत टांकणखाराचे थर जमतात. लडाखमधील पुगा खोऱ्यांत गरम झऱ्यांच्या कडेला असे थर आजहि पाहावयास मिळतात. हा कच्चा माल मेंढ्यांच्या व बकऱ्यांच्या पाठीवरून खालीं येई. दोन्ही कुशींस दोन लहान पिशव्या, एकंदर ओझें सुमारें दहा किलोचें, आणि असे शेंकडों प्राणी एकामागून एक बर्फाळ खिंडी उतरत आहेत, असा तो तांडा असे. कुमाऊंचे भोटिया व्यापारी धान्य व कापड वर नेत आणि मीठ, लोंकर व टांकणखार खालीं आणीत. पंजाबांत जगाधरी येथें तो शुद्ध करण्याचा धंदा होता. तेथून देशभरच्या सोनारांस पुरून उरलेला माल जहाजांनीं युरोपांत जाई. वाटेंत हवेनें त्याचे स्फटिक फुलून पीठ होऊं नये म्हणून खड्यांना चरबी चोळलेली असे. त्यामुळें युरोपांत पोंचणारा टिंकल दिसावयास तेलकट व मळकट असे. तो धुऊन शुद्ध करण्याची कला प्रथम व्हेनिसच्या व पुढें हॉलंडच्या कारखानदारांनीं गुप्त ठेविली आणि तिच्यावर अपार पैसा मिळविला.

गंमत अशी कीं, युरोपांतील विद्वानांस हा पदार्थ खनिज आहे कीं कृत्रिम, हेंहि दीर्घकाळ ठाऊक नव्हतें. १७८७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत विल्यम ब्लेन ह्यानें लखनौहून लिहिलेलें टांकणखाराच्या उत्पत्तीविषयींचें पत्र छापलें गेलें. त्याच सालीं तिबेट मिशनच्या एका पाद्र्याचेंहि टिपण आलें. दोन वर्षांनीं तिबेटांत गेलेल्या वकिलातीबरोबरचा शस्त्रवैद्य रॉबर्ट साँडर्स ह्याची हकीगत तेथेंच प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या वस्तूवर युरोपचे सोनार व कुंभार कित्येक शतकें विसंबून होते ती एका दूरच्या सरोवराच्या कांठीं खणून काढतात, एवढी साधी गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथें नीट कळली.

परंतु वस्तु कोठून येते हें कळण्यापूर्वींच ती कशाची बनलेली आहे ह्याचा शोध दुसऱ्या बाजूनें चालू झाला होता. बटाव्हियांत जन्मलेला व पॅरिसला स्थायिक झालेला विल्हेल्म होम्बर्ग हा ऑर्लीन्सच्या ड्यूकचा वैद्य होता. १७०२ सालीं त्यानें टांकणखार व हिराकस एकत्र तापविले असतां त्यास चकचकीत पांढऱ्या पापुद्र्यांचें एक नवें द्रव्य मिळालें. तें पोटांत घेतल्यानें चित्त शांत होतें अशी समजूत होऊन त्यास शामक लवण हें नांव पडलें. ह्या नांवानें पुढें किती अनर्थ केला तें आपण यथाक्रम पाहूंच. १७३२ सालीं जॉफ्र्वा ह्यानें दाखविलें कीं हें द्रव्य मद्यार्कांत घालून पेटविलें असतां ज्योत सुरेख हिरवी होते. १७४७–४८ च्या सुमारास बॅरन ह्यानें शेवटचा दुवा जुळविला: शामक लवण टांकणखारांत मूळचेंच असतें, टांकणखार म्हणजे तें अम्ल व सोडा ह्यांचा संयोग, तिसरें कांहीं नाहीं. आज आपण म्हणतों कीं त्याच्या एका रेणूंत सोडियमचे दोन, बोरॉनचे चार व प्राणवायूचे सात अणु असून शिवाय पाण्याचे दहा रेणु असतात. पण बॅरनच्या वाक्यांत ह्या ज्ञानाचें बीज पूर्णपणें आलेलें होतें.

पॅरिसच्या प्रयोगशाळेंतील ह्या एका वाक्याचा तिबेटच्या मेंढ्यांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा. सोडा सर्वत्र मिळतो. तेव्हां ज्यास हें अम्ल कोठेंहि सांपडेल त्यास टांकणखार घरीं करतां येईल. तें अम्ल १७७७ सालीं सांपडलें, आणि तेंहि इटलींत. टस्कनीच्या मॉन्टेरोटोंडो गांवाजवळ जमिनींतून गंधकाच्या वासाची वाफ सुसाटत बाहेर पडते आणि तिच्या योगानें चिखलाचीं डबकीं सदैव उकळत असतात. शेतीला निरुपयोगी आणि गुराढोरांस धोक्याची अशी ही जागा लोकांस पुरातन काळापासून ठाऊक होती. ग्रँड ड्यूकचा औषधि-अधिकारी ह्यूबर्ट होफर ह्यानें त्या पाण्याची परीक्षा केली आणि त्यांत होम्बर्गचें शामक लवण ओळखलें. टंकाम्ल हें एरव्हीं सहज उडून जाणारें द्रव्य नव्हे, तथापि तप्त वाफेच्या संगतीनें तें भूगर्भांतून वर येतें आणि पाण्यांत उतरतें. डबकें तेंच, वाफ तीच. ओळखणारा डोळा मात्र नवा.

ह्या शोधाचा धंदा व्हावयास आणखी चाळीस वर्षें गेलीं. फ्रान्स्वा द लार्देरेल नांवाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानें १८१८ सालीं तेथें कारखाना घातला. डबक्यांतील पाण्यांत अम्लाचें प्रमाण अगदीं अल्प. तें आटवावयास लांकूड जाळावें तर आसमंतांतील रानें फस्त होऊं लागलीं आणि खर्च परवडेना. तेव्हां १८२७ च्या सुमारास त्यानें डबक्यांवर घुमट बांधून कोंडलेल्या वाफेच्याच उष्णतेनें पाणी आटविण्याची युक्ति योजिली. ज्या वाफेनें अम्ल आणलें तिनेंच तें सुकवूनहि द्यावें, अशी ही व्यवस्था होती. त्या वस्तीस पुढें त्याच्याच नांवावरून लार्देरेल्लो हें नांव मिळालें. इकडे फ्रान्समध्यें आन्सेल्म पायां ह्या तरुण रसायनज्ञानें टस्कनीचें अम्ल व सोडा ह्यांपासून टांकणखार तयार करून तो चालू भावाच्या तृतीयांश किंमतीस विकावयास काढला. डच कारखानदारांची शतकांची मक्तेदारी ह्यामुळें कोसळली. पौर्वात्य टिंकलला युरोपांत जो मान होता तोहि तिच्याबरोबरच गेला.

टस्कनीचें राज्यहि चिरकाल टिकलें नाहीं. होफरनें जी परीक्षा चिखलावर केली तीच आतां अमेरिकेच्या वाळवंटांत होऊं लागली. १८५६ सालीं डॉक्टर जॉन व्हीच ह्यास कॅलिफोर्नियांतील झऱ्यांत टांकणखार आढळला. १८८१ सालीं डेथ व्हॅली ह्या नांवाप्रमाणेंच भयाण दरींत राहणाऱ्या ॲरन विंटर्स ह्यानें जमिनीवरील पांढऱ्या खारावर तेजाब व मद्यार्क ओतून तो पेटविला. ज्योत हिरवी निघाली आणि त्या गरीब दांपत्याचें दैव उघडलें. दीडशें वर्षांपूर्वीं जॉफ्र्वानें पाहिलेलीच ही ज्योत! विल्यम कोलमन ह्या धनिकानें ती जागा विकत घेतली, आणि १८८३ पासून प्रचंड गाड्यांना वीस वीस जनावरें जुंपून १६५ मैल दूरच्या मोहावी येथील रेल्वे स्टेशनापर्यंत माल जाऊं लागला. ती वाट एका बाजूनें दहा दिवसांची होती. उन्हाळ्यांत तेथें इतकें ऊन तापे कीं रस थंड होऊन त्याचे स्फटिकच पडत नसत. म्हणून त्या दिवसांत काम दुसरीकडे न्यावें लागे. पुढें १९२५–२६ च्या सुमारास त्याच प्रांतांत मोहावीच्या वाळवंटाखालीं ह्या खाराचे अफाट थर सांपडले. आज जगाची गरज मुख्यतः त्या खाणी आणि तुर्कस्तानच्या खाणी भागवितात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मालाची रेलचेल झाल्यावर तिबेटचा व्यापार अगदींच खालावला. सीमेवरच्या देवघेवींत त्याची थोडी धुगधुगी राहिली होती. १९६२ च्या युद्धानंतर खिंडी बंद झाल्या आणि तीहि विझली. टस्कनीनें मात्र आपल्या वाफेला दुसरें काम लावून दिलें. लार्देरेलच्या घराण्याशीं सोयरीक असलेल्या पिएरो जिनोरी कोंती ह्यानें १९०४ सालीं तिच्या जोरावर यंत्र फिरवून विजेचे पांच दिवे लावले, व १९१३ सालीं तेथें भूगर्भांतील वाफेवर चालणारें जगांतील पहिलें व्यापारी वीजघर उभें राहिलें. तेथें आजहि वीज निर्माण होत आहे.

येथें एक आक्षेप संभवतो. तिबेटचा व्यापार बुडाला तो ज्ञानाच्या अभावामुळें नव्हे, तर मेंढीची पाठ आणि आगगाडीचा डबा ह्यांच्या विषम झुंजीमुळें, असें कोणी म्हणेल. ह्यांत तथ्य आहे. भांडवल, रस्ते आणि राजसत्ता ह्यांचा वांटा नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु टस्कनीचें डबकें हजारों वर्षें तेथेंच होतें, मृत्युदरींतला पांढरा खार पायांखालीं तुडविला जात होता. भांडवल तिकडे वळावयास आधीं कोणीतरी त्यांस ओळखावें लागलें. आमच्या कारागिरानें टांकणखार काय करतो हा प्रश्न विचारला आणि त्याचें उत्तर पूर्णपणें मिळविलें. त्याच्या कुशलतेस उणें म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाहीं. टांकणखार कशाचा आहे, हा दुसरा प्रश्न मात्र येथें तडीस गेला नाहीं. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानें हातीं असलेली वस्तु वापरतां येते. दुसऱ्याच्या उत्तरानें हातीं नसलेली वस्तु शोधतां येते.

हा दुसरा प्रश्न विचारणारे पुढें आणखी खोल गेले. १८०८ सालीं फ्रान्समध्यें गे-ल्युसॅक व थेनार्ड ह्यांनीं आणि इंग्लंडांत हम्फ्री डेव्ही ह्यानें टंकाम्लांतून बोरॉन हें मूलद्रव्य, अशुद्ध स्वरूपांत कां होईना, वेगळें केलें. जर्मनींत ऑटो शॉट ह्यानें कांचेंत टंकाम्ल घालून उष्णतेनें न तडकणारी कांच बनविली. १९२३ सालीं कॅथरीन वॉरिंग्टन ह्या विदुषीनें सिद्ध केलें कीं अत्यल्प बोरॉनवांचून कांहीं वनस्पतींची वाढच होत नाहीं. अणुभट्टींतील न्यूट्रॉन कण शोषून घेऊन तिची धग आवरण्याच्या कामीं हेंच बोरॉन आज योजितात.

आतां त्या शामक लवणाची राहिलेली गोष्ट. होम्बर्गच्या द्रव्यानें चित्त शांत होतें ही कल्पना पुढें टिकली नाहीं, पण तें सौम्य व निरुपद्रवी आहे हा समज मात्र कायम राहिला. १८७५ च्या सुमारास जोसेफ लिस्टर ह्यानें जखमा जंतुरहित ठेवण्यासाठीं तें वापरलें, आणि बोरिक ॲसिडाची पूड व लोशन घरोघर गेलीं. दूध, लोणी, मांस टिकावें म्हणून तें अन्नांतहि मिसळूं लागले. अमेरिकेंत हार्वे वायली ह्यानें १९०२ सालीं बारा तरुण स्वयंसेवकांस जेवणाबरोबर टांकणखार देऊन पाहिला. भूक मंदावणें, डोकें दुखणें, पचन बिघडणें अशा तक्रारी उद्भवल्या. तेथील १९०६ च्या शुद्ध अन्नाच्या कायद्यामागें ह्या प्रयोगांचें मोठें बळ होतें. १९५३ सालीं दोन डॉक्टरांनीं जगभरच्या वैद्यकीय लेखांतून टंकाम्लाच्या विषबाधेचीं शंभरांहून अधिक उदाहरणें गोळा करून मांडलीं. फुटलेल्या त्वचेवर पूड लावल्यानेंहि तें शरीरांत शिरतें, आणि तान्ह्या मुलांच्या बाबतींत तर प्राणावर बेततें, हें तोंवर स्पष्ट झालें होतें.

ही हकीगत मराठी घरांस परकी नाहीं. बाळाच्या तोंडांत चट्टे आले म्हणजे टांकणखाराची लाही मधांत कालवून जिभेस लावावी, हा आजीबाईच्या बटव्यांतला जुना उपाय आहे आणि तो अजूनहि चालतो. १९८३ सालीं एका पाश्चात्य वैद्यकीय नियतकालिकांत सात तान्ह्या मुलांची हकीगत आली आहे. मध व टांकणखार ह्यांचें मिश्रण त्यांच्या चोखणीस लावून देत असत. सर्वांस झटके येऊं लागले, आणि मिश्रण बंद करतांच ते थांबले. मध तोच, खार तोच, लावणाऱ्या हातांतली मायाहि तीच. लाही केल्यानें खार निवळतो असें आपण समजतों, पण वर सांगितल्याप्रमाणें लाही होतांना केवळ पाणी जातें. बोरॉन जेथल्या तेथें राहतें, इतकेंच नव्हे तर तितक्याच चिमटीच्या वजनांत पूर्वीपेक्षां अधिक भरतें. थोडें थोडें दिलेलें द्रव्य लहानशा शरीरांत सांठत जातें. तेव्हां हा उपाय सोडून बाळास वैद्याकडे न्यावें, हेंच शहाणपणाचें.

सौभाग्य हें नांव ज्यानें ह्या खारास दिलें त्याची दृष्टि मुशींतल्या सोन्यावर होती, आणि तेथें तें नांव सार्थ आहे. सोनाराच्या वाटींत तो खुशाल नांदावा. पाळण्यापाशीं मात्र त्याला जागा नसावी. कारण तो कशाचा आहे हें आतां आपणांस ठाऊक झालें आहे, आणि ठाऊक झालेली गोष्ट वागणुकींत उतरविण्याचें काम कोणा होम्बर्गानें वा बॅरननें आपल्याकरितां करावयाचें नसतें.